पर्पेतुआ, दहावं प्रकरण: ‘झाले’चं ‘झालो’ कोणी केलं

मंडळी, पर्पेतुआ या ख्रिस्ती रक्तसाक्षीने (श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या बाईने) तुरुंगात लिहिलेल्या लॅटिन दैनंदिनीचं मी मराठी करतेय. त्याबद्दल दोन महिने काही कळवलं नाही, कारण दहावं प्रकरण, ती स्वप्नात पुरुष होऊन झुंजते ते, जिथे होतं तिथेच अडून बसलं होतं. शनिवारी मात्र असं घडलं की लिहिल्याशिवाय राहवेना.

तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतची प्रकरणं आणि दहाव्याचा खर्डा अशी वही ओळखीच्या एकांकडे टंकायला दिली होती. पानं हाती आली. अक्षर नेटकं, ओळी सरळ, आणि माझ्या ‘मी पुरुष झाले’चं सगळीकडे ‘मी पुरुष झालो’ केलेलं. पुढेही ‘उचलला गेलो’, ‘गेलो’, ‘निघालो’, थेट तिला जाग येईपर्यंत. विचारलं तर उत्तर आलं, “ताई, तुमच्याकडून चुकलं होतं, मी नीट केलं. पुरुष झाल्यावर ‘झाले’ कसं म्हणेल?”

त्यांच्यावर रागवू तरी कशी? सुरुवातीच्या नोंदीत मीही हेच केलं होतं. स्वप्नात ती पुरुष झाली की क्रियापदं पुल्लिंगी, जागी झाली की पुन्हा स्त्रीलिंगी. तेव्हा तुमच्यातल्या दोघातिघांनी ‘वा’ म्हटलं होतं आणि मलाही ते फार आवडलं होतं. नंतर मूळ लॅटिन ओळ बोट ठेवून वाचली आणि तो सगळा डोलारा खाली आला.

ओळ अशी: ‘एत् एक्सपोलियाता सुम एत् फाक्ता सुम मास्कुलुस.’ लॅटिनमध्ये साध्या कर्तरी क्रियापदाला लिंग नसतं. ‘व्हिदी’ म्हणजे पाहिलं. बाईने की बुवाने, कळायला मार्ग नाही. पण कर्मणी वळणाच्या भूतकाळात धातुसाधित येतं आणि ते लिंग उघडं करतं. ‘फाक्ता’ स्त्रीलिंगी, ‘मास्कुलुस’ पुल्लिंगी, आणि दोन्ही एकाच श्वासात. ‘मी पुरुष झाले’, अक्षर न अक्षर. यरुशलेममध्ये 1889 साली अभ्यासक रेंडेल हॅरिसना सापडलेल्या ग्रीक पाठात ‘एगेनेथेन आर्रेन’ आहे. तिथल्या क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे ती ठिणगी उडतच नाही. मराठीत उडते. आपल्या भाषेला हे जमतं, याचा मला किती आनंद झाला होता ते मागे लिहिलंच आहे.

आणि लॅटिन तिथेच थांबत नाही. पुरुष झाल्यावरही ती ‘सुब्लाता सुम’ म्हणते, हवेत उचलली गेले. स्वप्न संपताना ‘एक्स्पेर्रेक्ता सुम’, जागी झाले. स्वप्नात तिची झुंज एका मिसऱ्याशी, म्हणजे इजिप्तच्या माणसाशी, आहे. मधे अँफिथिएटरच्या माथ्याहून उंच असा एक माणूस येतो, सोनेरी सफरचंदांची हिरवी फांदी हातात घेऊन, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो: हा मिसरी हिला हरवेल तर हिला तलवारीने मारेल, हिने याला हरवलं तर ही फांदी हिला मिळेल. हिने, हिला. शेवटी तो तिचं चुंबन घेऊन म्हणतो, ‘फिलिया, पाक्स तेकुम’: मुली, तुला शांती असो. म्हणजे अंगाला तेल चोळलेला तो पुरुषदेह आखाड्यात उभा आहे, आणि ज्याला निकाल द्यायचा आहे त्याला तिथे मुलगीच दिसते आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्तीनलाही आत्म्याविषयी लिहिताना हे स्वप्न आठवतं, आणि तिचं शरीर मात्र निजल्या जागी बाईचंच होतं हे तो सांगून ठेवतो. तिने स्वतः एका ‘फाक्ता’मध्ये सांगून टाकलेली गोष्ट आहे ही.

म्हणून ‘झालो’ मला चालणार नाही. तुरुंगात स्वतःच्या हाताने लिहिलेलं, ‘मानू सुआ’, असं तिची दैनंदिनी पुढे मांडणारा तेव्हाचा संपादक दुसऱ्या प्रकरणात मुद्दाम नोंदवतो. बाविसेक वर्षांची, अंगावर पिणारं मूल असलेली कार्थेजची विबिया पर्पेतुआ स्वतःबद्दल बोलते आहे. इ.स. 203 मधल्या 7 मार्चला श्वापदांपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी तिने हे प्रकरण लिहिलं. त्या काळच्या रक्तसाक्षी बायकांबद्दल बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलं. इथे साक्ष देणारी ‘मी’ म्हणते आहे. तिच्या ‘मी’चं लिंग मी कोण बदलणार?

पण मग अडचण वेगळीच निघाली, आणि दोन महिने खाल्ले ते तिने.

जिथे लॅटिन लिंग दाखवत नाही, तिथे मराठी दाखवून बसते. पुरुष होण्यापासून जागं होण्यापर्यंत सगळी क्रियापदं मोजली. ‘आम्ही एकमेकांजवळ आलो, मुठी चालवू लागलो’ हे अनेकवचन, ते दोघांनाही चालतं. ‘हात जुळवले’, ‘त्याचं डोकं धरलं’, ‘डोकं तुडवलं’, ‘फांदी घेतली’ यांत आपला कर्मणी प्रयोग कामाला येतो. क्रियापद कर्माकडे बघतं, ‘मी’ झाकलेला राहतो. उरली पाच ठिकाणं: मिसऱ्याला धुळीत लोळताना ‘पाहते’, टाचांनी ‘हाणत होते’, मारू ‘लागले’, वस्तादाकडे (म्हणजे त्या उंच माणसाकडे) ‘गेले’, दाराकडे ‘निघाले’. लॅटिनने या पाचही जागी मौन पाळलंय. मी तिथे स्त्रीलिंग भरलं की ‘झाले’, ‘उचलली गेले’, ‘जागी झाले’ या तीन खऱ्या ठिणग्या गर्दीत विझतात. पुल्लिंग भरलं की खोटं होतं.

(एका ठिकाणी मराठी हरते हेही नोंदवते. ‘एक्सपोलियाता’त लिंग आहे, पण ‘मी विवस्त्र केली गेले’ हे कोणी बोलत नाही. ‘माझी वस्त्रं उतरवली’ असंच ठेवलंय. लगेच पुढे ‘झाले’ येतं म्हणून सोसवतं.)

इथे मावशी आली. मावशी कागलची. तिकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला मी वही वाचायला दिली, मोठ्याने वाच म्हटलं. तिने तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली आणि न अडखळता सगळ्या ‘गेले’चं ‘गेलो’ करत सुटली, जिभेच्या वळणानेच. तुरुंगातला अंधार, बाळासाठी तुटणारा जीव, आणि मग ते वाक्य: तुरुंग अचानक माझ्यासाठी राजवाडा झाला, दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा मी तिथेच असणं पसंत करीन. मावशीच्या तोंडी पर्पेतुआ पहिल्यापासून ‘गेलो, बसलो, उठलो’ म्हणत होती आणि कुठेही पुरुष झाली नव्हती. दहाव्यात ‘मी पुरुष झालो’ आलं तशी ती थांबली. “हे बाईच बोलतीया न्हवं?” म्हणाली. “मग झालं की. मी पण झालो म्हणतो, म्हणून काय मी गडी हाय?”

दोन दिवस मी याच नादात होते: अख्खी दैनंदिनी मावशीच्या बोलीत करावी का? मग पहिल्या पानापासून क्रियापद ‘झालो’च राहील आणि लिंगाचा प्रश्नच संपेल. पण प्रश्न संपणं हेच मला नकोय. ‘फाक्ता’ आणि ‘मास्कुलुस’ यांचं एकमेकांवर घासणं ऐकू आलं पाहिजे, आणि मावशीच्या बोलीत ते ऐकू येत नाही. शिवाय संपादक सांगतो की ती कुलीन घरातली, शिकलेली होती. ती कल्पना बाजूला ठेवली.

मावशीकडून दुसरंच घबाड मिळालं. तिचे यजमान तालमीत घडलेले. ‘आफा’ या शब्दाने मला छळलं होतं. तेल लावल्यावर पकड बसावी म्हणून मल्ल अंगावर घ्यायचे ती माती, शब्द मूळ ग्रीक. मी ‘धूळ’ लिहिलं होतं. मावशी म्हणाली, “धूळ रस्त्यावर. हौद्यात माती असती.” झालं. आता मिसरी ‘मातीत लोळतो’. ‘लानिस्ता’ला ‘वस्ताद’ हाही तिचाच. लानिस्ता म्हणजे ग्लॅडिएटर पाळून त्यांना शिकवणारा, रोममध्ये हलका समजला गेलेला धंदा, आणि वस्तादाला तर आपल्याकडे पायाला हात लावतात. हा फरक मला माहीत आहे. पण मूळातच ‘क्वासी लानिस्ता’ आहे, वस्तादासारखी काठी घेतलेला, आणि तो जो कोणी आहे त्याच्या पायाला हात लावावा असाच आहे. ‘कुस्ती’ हा शब्द मात्र घेतला नाही. इथे ठोसे आहेत, लाथा आहेत. आपल्या मातीत लाथ मारली तर पंच बाहेर काढतील.

साधनांबद्दल थोडं, कारण मागच्या वेळी विचारणा होती. लुईस-शॉर्टचा लॅटिन-इंग्रजी कोश अफाट आहे आणि फुकट मिळतो, पण ख्रिस्ती लॅटिनला तो पुरत नाही. ब्लेझचा 1954 चा कोश जवळ ठेवा, फ्रेंच अडखळत वाचावं लागलं तरी. पाठासाठी व्हान बेकची 1936 ची आवृत्ती. लॅटिन आणि ग्रीक दोन्ही त्यात आहेत. एका विक्रेत्याकडून मी तिची छायाप्रत मागवली होती, तिच्यात नेमकी हवी ती चार पानं काळीकुट्ट आली. पैसे देण्याआधी पानं उलटून बघा, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. पाच जागांपैकी चार सुटल्या!

‘पाहते’ऐवजी ‘मला दिसतो’: आणि समोर तो मिसरी मला मातीत लोळताना दिसतो. वर्तमानकाळही राहिला, तो मला हवाच होता; स्वप्नात ती मधूनच वर्तमानात जाते. ‘मारू लागले’चं ‘मारायला सुरुवात केली’, हे सोपं होतं. ‘हाणत होते’ने तीन दिवस घेतले. पहिल्यांदा लिहिलं, ‘माझ्या टाचा त्याच्या तोंडावर बसत होत्या’. लिंग गेलं, पण ‘मी’सुद्धा गेला, आणि लॅटिनमध्ये तिथे ठसठशीत ‘एगो आउतेम’ आहे. शेवटी हे बसलं: ‘तो माझे पाय धरू पाहत होता, मी मात्र टाचांनी त्याच्या तोंडावर मारा चालवला होता.’ मी आहे, मारा आहे, आणि मारा पुल्लिंगी असल्याने क्रियापद त्याच्यामागे गेलंय. हे वाक्य कागदावर आलं त्या रात्री मी ते सात-आठदा उतरवून काढलं. ‘वस्तादाकडे गेले’चं झालं ‘वस्तादाकडे पावलं वळवली आणि फांदी घेतली’.

पाचवी जागा ‘निघाले’. ‘कोएपी ईरे कुम ग्लोरिया आद पोर्ताम सानाविवारियाम’: गौरवाने सानाविवारिया दाराकडे निघाले. अँफिथिएटरमधून जिवंत सुटणारे ज्या दारातून बाहेर पडत ते हे दार. इथे ‘निघाले’ला तोड सापडत नाहीये, ती तशीच ठेवून उरलेलं टंकायला द्यावं, असं लिहायला बसले होते आणि

थांबा. वाट धरली.

‘आणि गौरवाने मी सानाविवारिया दाराची वाट धरली. आणि जागी झाले.’

वाट स्त्रीलिंगी, धरली वाटेसाठी. ‘मी’ झाकलेला, आणि पुढच्याच शब्दाला ‘जागी झाले’ लख्ख उघडं. लॅटिनमध्ये जिथे पडदा आहे तिथे पडदा, जिथे दिवा आहे तिथे दिवा. इतके दिवस शोधत होते आणि घरातला रोजचा शब्द निघाला! तुम्हाला हे लिहितानाच सुचलं, म्हणून वरचं अर्धं वाक्य खोडत नाही.

यामुळे पुढचा बेत बदलतोय. खरं तर आता तिच्याबरोबर तुरुंगात असलेल्या सातुरुसचं दर्शन, अकरा ते तेरा, घ्यायचं ठरलं होतं. ते थांबू दे. आधी चौथ्या प्रकरणातल्या शिडीकडे आणि मेंढपाळाकडे परत जाते. तो मेंढ्यांचं दूध काढतो आणि काढता काढता त्या ‘कासेउस’चा घास तिला देतो, ती जुळवलेल्या हातांत घेऊन खाते, आणि काहीतरी गोड चघळतच तिला जाग येते. मी तिथे ‘पनीर’ टाकून पुढे गेले होते. आता वाटतं, ‘खरवस’. थेट दुधातून आलेलं, घट्ट, आणि गोड. व्यायलेल्या जनावराचं पहिलं दूध हा अर्थ मूळात नाही हे दिसतंय, त्यामुळे अजून ठरत नाही. तुमचं मत कळवा.

त्यानंतर पंधरावं, फेलिसितासचं. पर्पेतुआबरोबर तुरुंगात असलेली ती गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला शिक्षा देता येत नसे, म्हणून आपण मागे राहू आणि पुढे परक्या गुन्हेगारांत एकट्याने मरावं लागेल याची तिला धास्ती. कळा सुरू झाल्यावर तुरुंगातला नोकर डिवचतो, आत्ताच एवढी कण्हतेस, श्वापदांपुढे काय करशील? तिच्या उत्तराचा खर्डा असा: ‘आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तिथे माझ्यात दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे.’ लॅटिनमध्ये चारही वेळा एकच धातू आहे आणि ‘सोसणे’ने चारही वेळा साथ दिली. इथे मला काही हलवायचं नाही.

टंकणाऱ्यांना नवी पानं देताना ‘झाले’च्या डोक्यावर लाल शाईने ‘असंच ठेवा’ लिहिलंय. मावशीला काल फोनवर दहावं पुन्हा वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत: ‘खेळाच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी हे लिहिलं, प्रत्यक्ष खेळात काय घडलं ते, कोणाला वाटलं तर, लिहावं.’ ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “लिवलं का कुणी?”

लिहिलंय म्हटलं, मावशी. ते पुढच्या महिन्यात वाचते.