नऊ किलो आणि अकरा किलो

निपाणीजवळच्या एका खेड्यातले काका सकाळी साडेनऊलाच ऑफिसात येऊन बसले होते. पिशवीत दोन एफआयआर, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. तारीख एकच, आरोपीही एकच: त्यांचा बावीस वर्षांचा धाकटा.

"एकच गांजा हाय की ओ वकीलसाहेब. दोन केशी कशा घातल्या?"

पोरगा सकाळी कागलला, म्हणजे महाराष्ट्रात, बॅगेसकट सापडला. संध्याकाळी अलीकडच्या, म्हणजे कर्नाटकच्या, पोलिसांनी त्याच्या भाड्याच्या खोलीवर छापा घातला आणि पोती काढली. मधे कोगनोळीचा टोलनाका तेवढा. माल एकाच ठिकाणाहून आलेला, म्हणून काकांच्या हिशेबी गुन्हा एक.

मलाही ते पटलं. एकाच व्यवहाराच्या ओघात घडलेले गुन्हे एकत्र चालवता येतात, असं जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम २२० सांगायचं. नव्या संहितेत ते २४३ झालं. एकाच घटनेवर दुसरा एफआयआर चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये टी. टी. अँटनी प्रकरणात सांगितलेलं आहेच. खटले दोन राज्यांतले, तेव्हा एकत्र आणायचे तर सुप्रीम कोर्टाशिवाय गती नाही. तरी दुपारी मी उत्साहात अर्जाची दोन पानं लिहून काढली. वकिलाला चांगला मुद्दा सापडला की त्याचं भान जरा सुटतं.

माझं कन्नड बोलण्यापुरतं. पंचनामा वाचायला ज्युनिअर लागते. सहा वाजता ती वाचत होती आणि मी चहा ओतत होतो.

"हन्नोंदु किलो, चारशे ग्रॅम."

हन्नोंदु म्हणजे अकरा. मराठी पंचनाम्यात नऊ किलो दोनशे होतं. मी कागदावर बेरीज मांडली: वीस किलो सहाशे. चहा तसाच राहिला.

गांजाच्या बाबतीत एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याची रेघ वीस किलोवर आहे. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीसच्या वर व्यापारी. मधल्या प्रमाणाला शिक्षा दहा वर्षांपर्यंत; किमान अशी नाहीच. वीसच्या वर गेलं की किमानच दहा, कमाल वीस, शिवाय दंड एक ते दोन लाख. आणि कलम ३७ आडवं येतं: आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्रालाही पोलिसांना १८० दिवस.

म्हणजे 'व्यवहार एकच' हे मी माझ्याच तोंडाने म्हणायचं आणि सरकारी वकिलाने फक्त बेरीज करायची. अशी बेरीज करता येते का यावर भांडता आलं असतं, पण पोराला तुरुंगात ठेवून भांडायची माझी तयारी नव्हती. मी ती दोन पानं फाडली.

दुसऱ्या दिवशी काकांना समजावायला तास गेला. वेगळ्या केसीही फुकट नाहीत, तेही सांगितलं. दोन्हीकडे शिक्षा झाली तर कोर्टाने वेगळा आदेश दिल्याशिवाय एक संपल्यावर दुसरी सुरू होते. २०२१ मध्ये मोहम्मद झाहिद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एनडीपीएसच्या दोन शिक्षा एकत्र भोगू द्यायला नकार दिला होता. काका बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"मंजे जोडलं तर आत्ताच मेलो, आनि सोडलं तर नंतर?"

"नंतरचं नंतर बघू. वजनावरच आपल्याला बोलायचंय. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे; शेंडे नसतील तर नुसता पाला-बी त्यात धरत नाहीत. पोती कशासकट तोलली, ते बघायचंय."

कोल्हापूरचा जामीन आधी झाला. पण एका केसचा जामीन दुसरीत चालत नाही, त्यामुळे पोराला तिथून थेट अलीकडे आणून हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं. बेळगावचा जामीन व्हायला आणखी पाच आठवडे लागले.

काकांची खरी दमछाक मात्र जामीनदारापायी झाली. शेत कर्नाटकात, उतारा कन्नडमध्ये. कोल्हापूरच्या कोर्टाला तिकडचाच जामीनदार हवा होता. शेवटी कागलचा मेव्हणा सातबारा घेऊन उभा राहिला. अट एकच घातली: पोराने परत त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही.