निळ्या मृतांचा चित्रकार : क्राकूव्ह ते वॉर्सा

पोलंडमधल्या क्राकूव्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी गेलो तो मुख्यतः एका चित्रासाठी. पोलिश चित्रकार आंद्झेय व्रुब्लेव्स्की यांनी १९४९ मध्ये रंगवलेल्या ‘मुलगा आणि मारली गेलेली आई’ या चित्रात एक लहान मुलगा आईला बिलगला आहे. मुलाचा रंग जिवंत माणसाचा, आई मात्र निळी. बंदूकधारी शिपाई चित्रात कुठेच नाही. अकादमीत शिकलेल्या या माणसाने सफाई जाणूनबुजून नाकारली आहे, हे चित्रासमोर उभे राहिल्यावर लगेच जाणवते. मृताला निळा रंग द्यायचा हा त्यांचा संकेत कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, आणि त्यांना नेमके तेच हवे होते.

त्यांचा जन्म १९२७ चा, तेव्हाच्या विल्नोचा, म्हणजे आज लिथुआनियाची राजधानी असलेल्या विल्नियसचा. १९४१ मध्ये जर्मनांनी घराची झडती घेतली, तेव्हा कायद्याचे प्राध्यापक असलेले त्यांचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने मुलादेखत गेले. युद्धानंतर क्राकूव्हमध्ये ते ललित कला अकादमीत चित्रकला आणि यागिएलोनियन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकले. बाविसाव्या वर्षी त्यांनी गोळ्या घालून दिलेल्या मृत्युदंडांवर आठ चित्रांची मालिका केली. त्याच १९४९ मध्ये समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगार आणि समाजवाद यांचा गौरव करणारी कला, हे साम्यवादी सरकारचे धोरण झाले आणि आशावादाची सक्ती करणाऱ्या त्या धोरणात या चित्रांना जागा उरली नाही.

पुढची काही वर्षे व्रुब्लेव्स्की यांनी सरकारी वळणाचीच चित्रे काढली. ते केवळ भीतीपोटी नमले, असे मला वाटत नाही. कला सामान्य माणसाला कळली पाहिजे, ही त्यांची आधीपासूनची श्रद्धा होती आणि सत्तेने तीच भाषा उचलली होती. ट्रामने नोवा हुताला जाऊन पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेल्या त्या शहराचे रुंद रस्ते पाहताना, त्यांच्या १९५४ च्या ‘नोवा हुतामधील कामाची सुट्टी’ या चित्रामागची उमेद मला समजली. चित्र मात्र फिकेच वाटते.

तिथून मी तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या झाकोपानेला आणि पुढे बसने पालेनित्सा बियाउचान्स्काला गेलो. मोर्स्किए ओको सरोवराकडे जाणारा सुमारे ९ किलोमीटरचा चढाचा रस्ता तिथून सुरू होतो. २३ मार्च १९५७ रोजी तात्रा पर्वतात एकट्याने भटकत असताना व्रुब्लेव्स्की वारले, तेव्हा त्यांना तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज या रस्त्यावर सहलीला आलेल्या कुटुंबांची गर्दी असते.

शेवटचा मुक्काम वॉर्सा. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात मृत्युदंडांच्या त्या मालिकेतले ‘अतिवास्तव गोळीबार’ आहे आणि १९५६ चे ‘रांग सुरूच आहे’ हे चित्रही. स्टालिनच्या मृत्यूनंतर बंधने सैलावली, तेव्हा व्रुब्लेव्स्की पुन्हा स्वतःच्या वाटेवर आले. या काळातल्या त्यांच्या चित्रांत माणूस बसल्या जागी हळूहळू खुर्चीच होऊन जातो. ‘रांग सुरूच आहे’मधली माणसे ओळीने बसून वाट पाहत आहेत. कशाची, ते चित्रकाराने सांगितलेले नाही; पण कुठल्याही सरकारी कचेरीत तासन्‌तास बसलेल्या माणसाला ते सांगावेही लागणार नाही. माझ्या मते समाजवादी पोलंडवरचे इतके थेट चित्र त्यांच्या पिढीतल्या दुसऱ्या कुणी काढले नाही.

अकादमीतले त्यांचे मित्र आंद्झेय वायदा यांनी व्रुब्लेव्स्की यांची चित्रे पाहून स्वतः चित्रकला सोडली आणि ते सिनेमाकडे वळले. पुढे १९६८ च्या ‘सारे काही विक्रीसाठी’ या आपल्या चित्रपटात त्यांनी मित्राची चित्रे दाखवली.