नारळाचं पोतं घेऊन टेस्ट ड्राइव्ह

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही गोव्यात फोंड्याहून वाळपईकडच्या मूळ घरी जातो, सहा जणं, आणि दरवर्षी दोन गाड्या काढाव्या लागतात, एकीत माणसं आणि दुसरीत नारळ, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं) सामान, डबे, गाद्या. यंदा म्हटलं तीन रांगांची एकच घेऊ, ते क्रॉसओव्हर म्हणतात तसली. कुठली बघितली ते लिहीत नाही, शोरूमवाला बायकोच्या ओळखीतला निघाला.

सेल्समन म्हणाला, सर एकटेच या, दहा मिनिटांत राउंड मारू. त्यांचा राउंड म्हणजे सपाट हायवेवरून पुढच्या सर्कलपर्यंत जाऊन परत. मी सगळं खटलं घेऊन गेलो आणि गाडी सरळ फर्मागुढीच्या चढावाला घातली, एसी फुल. साधं 1.5 लिटरचं पेट्रोल इंजिन, जादा हवा भरून जोर वाढवणारा टर्बो नाही, त्यामुळे भरलेल्या गाडीला जोर यायला गिअर खाली आणून आरपीएम (इंजिनाचे फेरे) चांगला वर न्यावा लागतो, नुसता आवाज वाढतो आणि मागून टेम्पोवाला हॉर्न मारतो. रिकाम्या गाडीत हे कळलंच नसतं. टर्बो किंवा डिझेल घ्यायचं हे तिथेच ठरलं.

पण खरी परीक्षा तिसऱ्या रांगेची. मधली सीट बटण दाबलं की उलटते, बघायला झकास, पण आई साडी सावरत एक पाय आत एक बाहेर अशी अडकली आणि म्हणाली, "अरे, हात कुठे धरू?" धरायला काहीच नाही! मग मी स्वतः जाऊन बसलो. मागे चाकांचा अ‍ॅक्सल वगैरे येतो म्हणून तिथली जमीन उंच असते आणि सीट मात्र छताला डोकं लागू नये म्हणून खाली, मग गुडघे छातीशी येतात आणि मांड्या अधांतरी. पंधरा मिनिटं ठीक आहे, वाळपईपर्यंत नाही. पोरं खुश होती, त्यांना वेगळा एसी आणि चार्जिंग मिळालं, पण थोरला आत्ताच माझ्या खांद्याला आलाय, अजून किती वर्षं मावणार?

डिकीचं तर विचारूच नका. सगळ्या सीट उभ्या असताना कियाच्या कॅरेन्सची 216 लिटर, मारुतीच्या एक्सएल सिक्सची 209, ह्युंदाईच्या अल्काझारची 180, टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसची 300, असे आकडे मी पाठ करून गेलेलो. पण लिटरवरून आपल्याला काय कळतं, म्हणून घरून नारळाचं पोतंच नेलं. सेल्समन बघतच राहिला. पोतं उभं मावलं, शेजारी कुकरची पिशवी ठेवली तर दार लागेना. सुपारीचे घोस काय असे कोंबता येतात? तिसरी रांग पूर्ण पाडली की मस्त जागा होते, पण मग माणसं पाचच.

आता रविवारी सहा सीटवाली बघायची आहे, मधे दोन वेगळ्या खुर्च्या असतात ती, म्हणजे मधल्या वाटेने मागे जाता येतं, सीट उलटवायला नको. आई म्हणते येते, पण मागे मी एकदाच चढणार, दोनदा सांगायचं नाही.