शेवट आवडला म्हणे

मंगळवार रात्र

सुमाताईशी आज खोटं बोलले. मोठं काही नाही, एवढुस्सं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अगं ते पुस्तक झालं का गं तुझं? रविवारी येतेय तिकडे तर घेऊन जाईन म्हणते, कुणीतरी मागतंय," आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कधीच झालं की! मस्त आहे. शेवट तर फारच आवडला."

शेवट आवडला म्हणे! पुस्तक २७२ पानांचं, आणि माझी खूण ४६ व्या पानात.

आणि ताई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "हो ना." बास. फोन ठेवला. तेव्हापासून ते "हो ना" डोक्यात फिरतंय. तिला कळलं का? कळलं असतं तर ती तिथेच बोलली असती, ताई काही मनात ठेवणारी नाही. पण मग गप्प का झाली?

खोटं बोलायचंच होतं तर "छान आहे" एवढ्यावर भागलं असतं. ते शेवटाचं शेपूट कशाला जोडलं? "झालं" म्हटलं की समोरचा तपासायला येतो असं मनात कुठेतरी असणार, म्हणून आधीच पुरावा देऊन मोकळी झाले. चोर जसा न विचारताच सांगतो की मी तर घरीच होतो, तसं.

खूण म्हणजे कसलीशी पावती आहे. म्हटलं तारीख तरी बघू, कधीपासून ४६ वर अडकलेय ते. तर पावती कोरी! दिव्याखाली तिरकी धरून पाहिली, एक रेघसुद्धा नाही. त्या कागदावर शाई नसतेच म्हणे, उष्णतेने काळा होणारा लेप असतो, आणि तो हळूहळू फिका होत जातो. म्हणजे मी पुस्तक थांबवलं त्याला इतके दिवस झालेत की पुरावासुद्धा कंटाळून निघून गेला.

सगळ्यांत वाईट हे की लोकांच्या लेखी मी अजून "वाचणारी" आहे. "हिला काय, पुस्तक दिलं की झालं." वाढदिवसाला पुस्तक, कुणाला भेट काय द्यावी कळेना की विचारायला माझ्याकडेच, बदलीच्या वेळी सामानात सगळ्यांत जड खोकी माझी. आणि ही वाचणारी वर्षभरात किती पुस्तकं शेवटापर्यंत नेते ते मलाच माहीत. लहानपणी जेवायला चार हाका माराव्या लागायच्या, पुस्तकातून मान वर व्हायची नाही, ती मुलगी नक्की कुठे उतरून गेली? बाबांच्या कपाटाचं तर... जाऊ दे, ते नंतर कधीतरी.

२२६ पानं राहिलीत. उद्यापासून रविवारपर्यंत पाच दिवस. म्हणजे रोज ४५ पानं. होईल. का नाही होणार?

बुधवार

बसले. पुस्तक मांडीवर, फोन शेजारी पालथा. दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर एक शब्द अडला, म्हटलं अर्थ बघू, म्हणून फोन सुलटा केला आणि तिथून जी गेले ती गेलेच. शब्दाचा अर्थ बघायचा राहिलाच, ते आत्ता लिहिताना आठवतंय.

काय वाचलं? तर वाचायची सवय कशी लावावी याबद्दल. शपथ. दीड तास. माझ्या हिशोबाने पानाला दोन मिनिटं लागतात, म्हणजे दीड तासात बरोब्बर ४५ पानं. आजचा सगळा कोटा मी वाचन कसं करावं हे वाचण्यात घालवला.

पण एक कळलं, ते लिहून ठेवते. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळे छातीठोक सांगतात, ते आलंय एका प्लास्टिक सर्जनकडून. त्याने १९६० साली लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस जातात. नवा चेहरा! आरशात बघण्यापलीकडे काही करायचंच नाही त्यात. आणि तेही कमीत कमी. लोकांनी ते "कमीत कमी" गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, पहाटे उठणं, वाचन, वाटेल ते बसवलं. खरोखर मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये छापून आलं. ९६ माणसं, १२ आठवडे. सरासरी निघाली ६६ दिवसांची, पण कुणाला १८ दिवस तर कुणाला थेट २५४. म्हणजे १२ आठवड्यांत त्याचं काही पूर्ण झालं नाही, हा आकडा पुढचा अंदाज करून काढलेला. तो २५४ वाला कोण असेल ते मला माहीत नाही पण तो माझा नातेवाईक आहे.

त्यातच लिहिलं होतं की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. पुस्तकातलं एकही वाक्य इतक्या प्रेमाने वाचलं नव्हतं. एखादा दिवस म्हणतायत पण ते. माझे चुकतात ते घाऊक.

मग फोनलाच शिव्या घातल्या. हे जे खाली खाली सरकवत राहिलं तरी संपतच नाही, ती युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसाने काढली आणि नंतर त्यालाच तिचा पस्तावा झाला. पस्तावा कर रे बाबा, पण माझे दीड तास? पुस्तकात निदान पान संपतं. आणि गंमत म्हणजे पान संपतं तिथेच मी उठते. फोनला तळ नाही म्हणून मी बुडते आणि पुस्तकाला दर दोन मिनिटांनी काठ लागतो म्हणून मी बाहेर पडते.

अन्या येऊन बघून गेला. म्हणाला, "तू पुस्तक घेतलंस ना की मला कळतं, आता फोन बघणार." काही बोलले नाही. काय बोलणार.

ताईला उद्या सरळ सांगून टाकावं का?

गुरुवार

नाही झालं. कारण लिहीत नाही. सांगितलंही नाही.

शुक्रवार

आज वेगळंच झालं.

फोन आतल्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात ठेवला, चादरींच्या मागे. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही असा. पहिल्या दहा मिनिटांत एकदा उठले, स्टूल ओढलं, बघितलं, काही नव्हतं, परत ठेवला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उठावंसं वाटलं तेव्हा नुसतं स्टूल डोळ्यांपुढे आलं आणि जिवावर आलं. नको, राहू दे. आणि बसल्या जागी पान उलटलं.

म्हणजे आळस! इतकी वर्षं मी आळसाला दोष देतेय की आळशीपणामुळे वाचत नाही. अगं, तुझा आळस तर इमानी आहे, जे हाताशी असेल ते धरून बसतो. हाताशी फोन असला तर फोन, पुस्तक असलं तर पुस्तक. त्याला कशाचंच काही पडलेलं नाही. उठायला मात्र लावू नका.

सुरुवातीला काही शिरतच नव्हतं. ७१ व्या पानावर एक परिच्छेद आहे, ती बाई स्टेशनवरच्या बाकावर बसलीय आणि पिशवीची गाठ सोडतेय. तो मी चार वेळा वाचला. चारही वेळा डोळे शेवटच्या शब्दापर्यंत नीट गेले आणि चारही वेळा पिशवीत काय होतं ते मला सांगता आलं नसतं. डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीतच म्हणे, उड्या मारतात, थांबतात, मधेच मागेही येतात, आणि प्रत्येक थांब्याला सेकंदाचा पाव भाग जातो. हेही बुधवारच्या त्या दीड तासातलंच ज्ञान. तर माझे डोळे बिचारे इमाने इतबारे उड्या मारत होते आणि मी मात्र ताईशी बोलत होते. "हो ना" म्हणजे काय गं ताई?

पाचव्यांदा ओठ हलवून वाचला, पहिलीतल्या पोरासारखा. पिशवीत एक कुलूप होतं. किल्ली नव्हती. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, घड्याळात बघितलं तर ११८ वं पान.

ताईने पेन्सिलीने खुणा केल्यात मार्जिनमध्ये, बरोबरच्या खुणा, ती शाळेत पेपर तपासायची तशाच. सुरुवातीला पानापानाला आहेत. साठाच्या पुढे विरळ. ११८ वर एक आहे, फिकट, त्याला शेपूटही नीट नाही. आवडलं वाटतं तिला इथलं.

त्या खुणा बघून अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिने इतकं मन लावून वाचलेलं पुस्तक आणि मी...

शनिवार, खरं तर रविवारच लागला

सकाळपासून कामं. दुपारी फोन चादरींमागे. संध्याकाळी परत. लिहायला लाज वाटतेय पण ९० पानं झाली. इतकी शेवटची कधी वाचली होती आठवत नाही. मान धरलीय. त्या बाईचं मला आता भलतंच वाईट वाटायला लागलंय आणि पुढे काय होणार त्याचा काही अंदाज येत नाहीये, म्हणजे मी मंगळवारी जो शेवट "फारच आवडला" म्हणून सांगितला तो काय असेल याची मलाच उत्सुकता.

११८ नंतर ताईची एकही खूण नाही. म्हटलं रंगून गेली असेल, पेन्सिल हातात घ्यायचं भान राहिलं नसेल. होतं असं.

मग २०८ वं पान संपलं. पुढचं उलटायला गेले तर दोन पानं एकदम आली. परत प्रयत्न केला, परत दोन. बोट घालून बघितलं तर २०९ आणि २११ ही दोन्ही पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. चिकटलेली नव्हेत, जोडलेली, एकच अखंड कागद, घडी घातल्यासारखा. बाबांच्या प्रेसमुळे मला हे ठाऊक आहे. मोठा कागद दोन्हीकडून छापतात, त्याला घड्या घालून १६ पानांचा फर्मा करतात, फर्मे शिवून मग कडा कापतात. एखादी घडी आत दबून राहिली की कटिंगमध्ये सुटते आणि अशी पानं जोडलेलीच राहतात. १३ फर्मे म्हणजे २०८ पानं, चौदावा २०९ ला सुरू. बरोबर तिथेच.

म्हणजे २१० आणि २११ ही आतली पानं या प्रतीत आजपर्यंत कुणी उघडून बघितलेलीच नाहीत.

मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मग इतकी हसले की अन्या उठून आला. त्याला काय सांगणार.

हो ना! अगं बाई, हो ना!!

आता न्यायाने वागायचं तर ताईने दुसरीकडून प्रत आणून पुढचं वाचलं असेल. किंवा खालून डोकावून वाचलं असेल, दोन पानं टोपीसारखी फुगवून. मीही करून बघितलं, वाचता येतं, फक्त मान मोडते आणि प्रत्येक ओळीचं टोक अंधारात जातं. किंवा दोन पानं सोडून पुढे गेली असेल. असू शकतं. पण मंगळवारची ती क्षणभराची शांतता आता मला नीट ऐकू येतेय. मी चार दिवस समजत होते की ती मला तपासतेय. ती घाबरली होती की मी शेवटाबद्दल पुढे काही विचारीन.

राग यायला हवा होता खरं तर. उलट इतकं हलकं वाटलं. मग परत थोडं वाईटही वाटलं, कारण ती पेन्सिलीची शेवटची खूण आता वेगळीच दिसायला लागली. तेव्हा तिकडे काय काय चाललं होतं त्यांच्या घरी. पुस्तक कसलं सुचतंय.

आता प्रश्न असा की पट्टीने पान कापायचं की नाही. कापलं तर ताईला दिसेल की मी कापलं, म्हणजे आधी कुणी वाचलं नव्हतं हे मला कळलं हे तिला कळेल. नाही कापलं तर मीही वाचलं नाही हे उघड. दोघी एकाच घडीत अडकलोय. आणि मंगळवारीच वाचून झालं होतं ना माझं, मग काप ताजा कसा, हेही आहेच.

बारा वाजून दहा मिनिटांनी स्टूल घेतलं, फोन काढला आणि मेसेज टाकला: "ताई, पुस्तक अजून चार दिवस ठेवू का? परत वाचतेय." 'परत' टाईप करताना अंगठा थांबला होता. तरी टाकलाच.

इतक्या रात्री तिचं लगेच उत्तर. "ठेव गं. काही घाई नाही. तुझं झालं की मलाही परत वाचायचंय."

आणि ते मागणारं कुणीतरी? त्याचं नावच नाही निघालं.

पट्टी सापडली. कापतेय.