तुम्ही विचारलंत म्हणून: सेमिनरीत जाऊ का युनिव्हर्सिटीत?

"ताई, धर्माच्या विषयात मास्टर्स करायचंय, सेमिनरीत जाऊ का युनिव्हर्सिटीत? आणि तुम्ही बीकॉम करून, पतसंस्थेतली चांगली नोकरी सोडून हे का घेतलंत?" वर्षातून आठ-दहा जण तरी मला हे विचारतात. कुणी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, कुणी लग्नात ताट हातात घेऊन, कुणी रात्री अकराला मेसेज करून, आणि तेवढ्या वेळात नीट उत्तर देणं होत नाही, अर्धवट काहीतरी सांगितलं जातं आणि मग मलाच रुखरुख लागते. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. (सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज, चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तिथं घडतात.)

पहिलं म्हणजे ही दोन वेगवेगळी शिक्षणं आहेत हे लक्षात घ्या, खूप जण इथंच गोंधळतात. थिऑलॉजी, आमच्याकडे ईश्वरविज्ञान म्हणतात, ते आत राहून करायचं असतं. म्हणजे आम्ही जे मानतो ते नक्की काय आहे, कुठून आलं, आणि आजच्या माणसाला ते कसं सांगायचं. रिलिजियस स्टडीजमधे तुम्ही स्वतः काय मानता हे कुणी विचारत नाही, लोक काय मानतात, काय करतात, कोणते ग्रंथ कसे तयार झाले, सण, यात्रा, संप्रदाय, जात, सत्ता, हे सगळं तपासायचं असतं. आपल्या सरकारी विद्यापीठांत पहिला प्रकार का सापडत नाही याचं कारण संविधानात आहे, कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ च्या निकालात स्पष्ट केलं. त्यामुळे थिऑलॉजी सेमिनऱ्यांमधे आणि धर्मांचा अभ्यास विद्यापीठांमधे, अशी वाटणी होऊन बसलीय.

वर्षांचा हिशोबही आधीच बघा. कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन असलं की दोन वर्षांत एमए होतं. सेमिनरीत तसं नाही, आधी बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), ती ग्रॅज्युएटला चार वर्षांची, आणि मग एमटीएच (मास्टर ऑफ थिऑलॉजी) दोन वर्षांचं. मी सहा वर्षं दिली. पंचविसाव्या वर्षी सुरू केलं तेव्हा आई म्हणाली होती, पोरी एवढ्यात डॉक्टर झाली असतीस. अमेरिकेतली आमची भाचेमंडळी विचारतात त्यांच्यासाठी, तिकडे साधारण एमडिव्ह (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) तीन वर्षांचं असतं आणि ते मुख्यतः पाळक होऊ बघणाऱ्यांसाठी, आणि एमटीएस (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) दोन वर्षांचं, अभ्यासाकडे जास्त कल असलेलं.

माझ्या सर्टिफिकेटवर सेरामपूर आहे, आणि मराठीत श्रीरामपूर म्हटलं की नगरमधे सगळ्यांना वाटतं आपलं बेलापूरशेजारचं श्रीरामपूर. हे बंगालमधलं, कोलकात्याजवळ हुगळीकाठचं. तिथलं कॉलेज १८१८ मधे सुरू झालं, गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि १८२७ मधे डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या द्यायची सनद दिली. आजही देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या त्या कॉलेजच्या सिनेटला, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाला, जोडलेल्या आहेत. आणि आपला संबंध त्याहूनही जुना आहे, मिशनरी विल्यम केरीने मराठी भाषेचं व्याकरण १८०५ मधे तिथंच छापलं, पंडित वैजनाथांच्या मदतीने. मी बीडीच्या दुसऱ्या वर्षी हे वाचलं तेव्हा मला फार भरून आलं होतं, कारण तोवर मला सारखं वाटायचं की मी माझ्या भाषेपासून लांब काहीतरी शिकतेय, सगळं इंग्रजीत, वर्गात अर्धी मुलं मिझोराम-नागालँडची, आणि मी नगरची एकटी.

आता मी का घेतलं.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमधे, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आश्रमात, वाढली. रमाबाई १९२२ मधेच गेल्या, त्यामुळे आजीने त्यांना पाहिलं नव्हतं, पण त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर आजीच्या ट्रंकेत कापडात बांधलेलं असायचं. रमाबाईंनी त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं म्हणून साध्या मराठीत लिहायचा आग्रह धरला. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने साधं लिहायचं ठरवलं, आणि त्यासाठी आधी अवघड भाषा शिकली. आजी हे मला लहानपणापासून सांगायची. पतसंस्थेत रोज संध्याकाळी कॅश जुळवताना माझ्या डोक्यात हेच चालायचं, की आजीच्या पुस्तकामागे जी भाषा आहे ती मला वाचता आली पाहिजे. पाळक व्हायचं वगैरे तेव्हा मनात नव्हतं. सेमिनरीत गेले ती हिब्रूसाठी.

आणि हिब्रूने मला काय दिलं ते एका शब्दावर सांगते. हेसेद. बायबलमधल्या १३६ व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी हा शब्द येतो, आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमधे, वाचतात त्या भाषांतरात तिथं "दया" आहे. २३ व्या स्तोत्राच्या शेवटी तोच शब्द आहे, पण तिथं "वात्सल्य". मराठी वाचताना कधी कळणारच नाही की हे दोन्ही एकच. दया म्हटलं की कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली असं होतं, वात्सल्यात गाय आणि वासरू येतं, आणि हिब्रू शब्दात या दोन्हीपेक्षा वेगळं एक काहीतरी आहे, करार आहे, नात्याला जागणं आहे, सोडून जायची मोकळीक असताना न सोडणं. रूथच्या पुस्तकात सासू आपल्या विधवा सुनांना म्हणते की तुम्ही गेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं वागलात, तिथं हाच शब्द आहे.

तिसऱ्या वर्षी फील्डवर्कला मला राहुरीकडच्या एका लहान मंडळीत पाठवलं होतं, पंधरा-वीस माणसं, बहुतेक शेतमजूर बाया. मी हे सगळं तिथं सांगितलं, घाबरत घाबरत, कारण हिब्रू व्याकरण ऐकायला कोण बसलंय. तर पुढे बसलेली एक म्हातारी मधेच मोठ्याने म्हणाली, "म्हंजी माझी थोरली सून." तिचा मुलगा वारला होता आणि सून माहेरी न जाता तिच्याजवळ राहिली होती. सगळ्या बाया माना डोलवायला लागल्या. मी दोन वर्षं ज्या शब्दाच्या मागे होते तो त्या बाईला आधीपासून माहीत होता, फक्त तो पुस्तकात आहे हे माहीत नव्हतं.

म्हणून मला कुणी विचारलं ना, सेमिनरी का युनिव्हर्सिटी, तर मी उलट विचारते, शिकून झाल्यावर तू कुणाला उत्तर देणार आहेस? सेमिनरीत तुमची वाट बघणारी माणसं पहिल्या दिवसापासून असतात, बहुतेक ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र लागतं, रोज सकाळी चॅपल, म्हणजे सगळ्यांची एकत्र प्रार्थना, असतं, शनिवार-रविवार फील्डवर्क असतं. त्याचा जाचही होतो. मला पत्र देताना कमिटीतल्या एकांनी विचारलं होतं, लग्न झाल्यावर या शिक्षणाचं काय, आणि ते मुलांना कधीच विचारलं जात नाही, मी तिथंच म्हणाले की मुलांना जे विचारता तेच मला विचारा. आमच्या सीएनआयमधे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांना पाळक होता येतं, नियम तसा आहे, मनं अजून मागे आहेत. हे मुलींनी माहीत करून घेऊन मगच जावं.

ज्यांना अशी वाट बघणारी माणसं नकोत, किंवा ज्यांची श्रद्धा कुठल्याच एका घरात नाही, किंवा ज्यांना दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचाय, त्यांनी विद्यापीठात जावं, आणि ते कमी प्रतीचं आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पुणे आणि मुंबई, दोन्ही विद्यापीठांत पालीचे, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेचे, विभाग आहेत, तिथं नोकरी करून येणारे, रिटायर झालेले, आंबेडकरांच्या वाटेने आलेले लोक शिकतात, त्यांनाही उत्तर द्यायला माणसं आहेत, ती त्यांची त्यांनी मनात आणलेली असतात. पंजाबी विद्यापीठ, पतियाळाला तर १९६७ पासून धर्मांच्या अभ्यासाचा विभाग आहे. आणि आपल्या विठ्ठल रामजी शिंद्यांचं उदाहरण मी नेहमी देते, ते १९०१ ला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेले, १९०३ ला परत आले, प्रार्थना समाजाचं काम धरलं आणि १९०६ मधे मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. सगळ्या धर्मांचा अभ्यास करून आलेला माणूस अस्पृश्यांच्या मुलांच्या शाळेत जाऊन उभा राहिला.

श्रद्धा जाते का, हे मुलं हळू आवाजात विचारतात. माझी हलली. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत सृष्टीच्या दोन वेगळ्या हकिकती आहेत, पहिलीत माणूस सगळ्यात शेवटी होतो, दुसरीत झाडाझुडपांच्या आधी, हे मी लहानपणापासून वाचत होते आणि कधी दिसलं नव्हतं. मोशेची म्हणतात त्या बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत वेगवेगळ्या काळच्या लेखकांचे हात आहेत हे शिकवलं तेव्हा मी कित्येक महिने प्रार्थना करू शकले नाही, चॅपलमधे नुसती बसायचे. त्या दिवसांत मला धरून ठेवलं ते बाकीच्यांच्या गाण्याने, नारायण वामन टिळकांची मराठी गाणी दोघं-तिघं म्हणायची आणि ती मिझो मुलं चुकीच्या उच्चारात पण पूर्ण आवाजात साथ द्यायची. मी गात नव्हते तरी गाणं चालू होतं. युनिव्हर्सिटीत असते तर हेच सगळं शिकले असते, कदाचित जास्त मोकळेपणाने, पण तो काळ एकटीने काढावा लागला असता. हा फरक माझ्यापुरता खूप मोठा आहे.

पैशाचं थोडक्यात. पाळकाचा पगार मंडळीच्या वर्गणीवर, तेव्हा कमीच. सेमिनरीत शिकवायचं तर एमटीएच लागतंच, आणि आता बहुतेक ठिकाणी पुढची डॉक्टरेटही बघतात. भाषांतराचं काम आहे, हॉस्पिटलमधे चॅप्लन, म्हणजे रुग्णांना धीर देणारा धर्मसेवक, म्हणून काम आहे, संस्थांमधे आहे. विद्यापीठाच्या बाजूला प्राध्यापकीच्या नेट परीक्षेत कंपॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स हा विषय आहे, पालीचाही आहे, पण विभागच मोजके त्यामुळे जागाही मोजक्या. आणि प्रवेश घेण्याआधी ती पदवी पुढच्या विद्यापीठात किंवा नोकरीत धरतात का ते लेखी विचारून घ्या, सगळ्या सेमिनऱ्यांची मान्यता एकसारखी नसते, काहींची मान्यता फक्त चर्चसंस्थांपुरती असते, आणि हे नंतर कळलेली मुलं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं.

परवा संगमनेरहून एका मुलीचा फोन आला, बीएस्सी झालीय, घरचे म्हणतात बीएड कर, हिला हे करायचंय. तिलाही मी तेच विचारलं, शिकून झाल्यावर कुणाला उत्तर देणार? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माझ्या मामीला. ती मला देवाबद्दल लई विचारते आणि मला काय सांगावं कळत नाही." मी म्हटलं, मग सुट्टी संपून वर्ग सुरू झाले की चार दिवस पुण्याला ये, दोन दिवस सेमिनरीच्या वर्गात बस, दोन दिवस विद्यापीठाच्या, राहायची सोय मी करते, आणि मामीलाही घेऊन ये.