तुम्ही विचारलंत म्हणून: वाटेत ट्रेलर मोडला तर?

आम्ही अमेरिकेत असतो. आमच्याकडे गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर आहे हे कळलं, की मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, एवढं लांब जाता, वाटेत तो मोडला तर काय करता?" पुण्याहून काका तर दर फोनला विचारतात. हातात प्रसादाची वाटी धरून याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून टाकतो.

ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाही. वाटेत दगा देतात ती मुख्यतः टायर आणि चाकांची बेअरिंगं. खरी पंचाईत ही, की पुढे बसलेल्याला मागचं काही कळत नाही. गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंग लगेच ओढतं. दोन अ‍ॅक्सलच्या म्हणजे चाकांच्या दोन आडव्या दांड्यांच्या ट्रेलरचा एक टायर फाटला तर शेजारचा मुकाट्याने भार घेतो आणि आपण गाणी ऐकत पुढे. शेवटी बाजूचा ट्रकवाला हॉर्न मारतो तेव्हा उजेड पडतो.

म्हणून पेट्रोलला थांबलो की मी आधी चारही हबांजवळ, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या चाकांच्या मधल्या भागांजवळ, हात नेतो. टेकवत नाही, नुसता जवळ नेतो. घाट उतरून आल्यावर ब्रेकमुळे सगळेच तापतात, ते सोडा. पण एकच हब बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापलाय असं वाटलं, तर तिथून हलायचं नाही. बायको याला 'चाकांची आरती' म्हणते.

एवढं करूनही वायोमिंगमध्ये गाठलंच. आय-८० महामार्गावर रॉलिन्स गाव सोडून पश्चिमेला निघालो होतो. तिथून रॉक स्प्रिंग्ज शंभर मैलांच्या वर, मधे वॉमसटरसारखं एखादं गाव, बाकी माळ आणि वारा. आपल्याकडे दर दोन मैलांवर पंक्चरवाला टायर टांगून बसलेला असतो, तसलं काही तिथे नाही. आधी जळक्या ग्रीसचा वास आला, मग उजव्या आरशात धूर दिसला.

आता थांबायचं कुठे? नुसता टायर गेला असता तर मी रिम खराब होऊ दिली असती, पण हळूहळू एक्झिट, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायची वाट, गाठली असती. चालत्या ट्रकांशेजारी चाक बदलण्यापेक्षा रिमचे पैसे परवडले. बेअरिंगचं तसं नाही. ते जळलं की अख्खं चाकच निखळून जाऊ शकतं. त्यामुळे गाडी तिथेच शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, घेतली. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि चाक उजव्या बाजूचं होतं, म्हणजे रहदारीपासून लांबचं, हे नशीब. मुलांना जॅकेटं घालून रस्त्यापासून दूर उभं केलं आणि ट्रकवाल्यांच्या नियमाप्रमाणे मागे १०, १०० आणि २०० फुटांवर इशाऱ्याची चमकती तिकोनं ठेवली.

मग विम्याच्या मदत-क्रमांकाला फोन. उत्तर मिळालं, गाडी ओढून नेऊ, ट्रेलर तुमच्या योजनेत बसत नाही. ट्रेलरही ओढून नेणार का, हा प्रश्न निघायच्या आधी घरून फोन करून विचारा, शब्दशः विचारा.

जॅक चासीला लावला. अ‍ॅक्सलच्या नळीला लावायचा नसतो, ती वाकते. हब उतरवला तर बेअरिंगच्या आतल्या जाळीचे तुकडे आणि निळे पडलेले रोलर. माझ्याकडे ग्रीस भरून तयार ठेवलेला दुसरा हब होता, पण जुन्या बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांडीच्या टोकाला, अशी चिकटली होती की छिन्नी-हातोड्याला दाद देईना. मग त्या बाजूचं अ‍ॅक्सल साखळीने वर चासीला बांधलं. टाकीतलं तीस गॅलन पाणी सोडून दिलं, तेवढेच अडीचशे पौंड हलके. आणि तीन चाकांवर, दिवे लुकलुकवत, शोल्डरवरून रांगत पुढची एक्झिट गाठली. हा उपाय तेवढ्याच अंतरापुरता, कारण त्या बाजूचा सगळा भार एका चाकावर येतो.

तिथे रॉलिन्सहून एक फिरता मेकॅनिक आला. ग्राइंडरने रिंगेला खाच पाडली, एक घाव घातला, रिंग सुटली. माझा तयार हब चढवला. नट चाक फिरवत घट्ट केला, मग सैल सोडला, मग नुसत्या बोटांनी आवळून स्प्लिट पिन घातली. पान्याने करकचून आवळलेला नट नवं बेअरिंगही जाळतो. निघताना बजावून गेला, चाकाचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा तपासा.

माझं अ‍ॅक्सल साडेतीन हजार पौंड भार पेलणारं. त्यावर बहुधा आत एल-६८१४९ आणि बाहेर एल-४४६४९ ही बेअरिंगं असतात, सुट्या भागांच्या साध्या दुकानातही मिळतात. पण तुमचे नंबर तुमच्याच बेअरिंगवर वाचून लिहून ठेवा.

आणि भाड्याने ट्रेलर घेणार असाल, तर आतलं किचन बघण्याआधी खाली वाका. टायरच्या कडेला 'DOT' (डीओटी) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ते टायर कधी बनला ते सांगतात; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर सहा वर्षांच्या पुढचा निघाला, तर नक्षी कितीही शाबूत दिसो, दुसरा ट्रेलर मागा.