ब्रिटनच्या गावात इमोजेनकडे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑल्डबराला जाणारी बहुतेक माणसं संगीतकार बेंजामिन ब्रिटनसाठी जातात. आम्ही गेलो इमोजेन होल्स्टसाठी, आणि तेही आईमुळे.

आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी लंडनला आली होती. आयुष्यभर पेटी वाजवलेली बाई. एका रात्री तिला इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा ‘सावित्री’ हा छोटा ऑपेरा ऐकवला. ग्रहांवरच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदाच्या रचनेवाला हाच होल्स्ट. त्यानं संस्कृतचे धडे घेतले आणि ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः इंग्रजी करून त्यांना चाली लावल्या. माझ्याकडचं ध्वनिमुद्रण १९६५ चं, सावित्रीच्या भूमिकेत गायिका जॅनेट बेकर. सुरुवातीला नुसता यमाचा आवाज येतो, साथीला एकही वाद्य नाही. संपल्यावर आईनं विचारलं, "हे बसवलंय कुणी?"

"त्याच्या मुलीनं, इमोजेननं."

"मग तिचं गाव कुठलं?"

झालं, ठरलं.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून इप्सविच सव्वा तास. तिथं गाडी बदलून लोस्टॉफ्टच्या लाइनवर सॅक्समंडम, आणि पुढं बस. ऑल्डबराचं स्वतःचं स्टेशन १९६६ मध्येच बंद झालं. मी शहाण्यासारखी रविवार निवडला, बसचं वेळापत्रक न बघता. सॅक्समंडमला बाहेर टॅक्स्या रांगेत उभ्या नसतात. आम्ही बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली. तुम्ही कामाच्या दिवशी जा, आणि परतीची शेवटची बस घरूनच बघून निघा. जूनमध्ये संगीत महोत्सव असतो, तेव्हा राहायची जागा मिळणं अवघड आणि मिळाली तर महाग.

बाकावरच आईला तिची गोष्ट सांगितली. इमोजेनचा जन्म १९०७ चा, गुस्तावची एकुलती एक मुलगी. पियानिस्ट व्हायचं होतं, पण डाव्या हाताच्या शिरांच्या दुखण्यानं ते राहिलं. मग लोकनृत्य, लोकगीतं आणि खेडोपाडी फिरून हौशी मंडळींकडून गाऊन घेणं. १९४२ पासून डेव्हनमधल्या डार्टिंग्टन संस्थेत शिकवत होती. ती संस्था काढणारे एल्महर्स्ट आधी टागोरांच्या श्रीनिकेतनात काम केलेले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात इमोजेन शांतिनिकेतनला दोन महिने राहून आली आणि नंतर दहा भारतीय लोकधुना रेकॉर्डरसाठी, म्हणजे त्यांच्या त्या शाळकरी बासरीसाठी, बसवल्या. "म्हणजे बापानं पुस्तकातून घेतलं आणि ही येऊन ऐकून गेली," आई म्हणाली. माझ्याकडं यापेक्षा नेमकं काही नव्हतं.

१९५२ मध्ये ती ऑल्डबराला आली ती ब्रिटनची लेखनिक म्हणून. नव्या राणीच्या राज्याभिषेकासाठी ‘ग्लोरियाना’ हा ऑपेरा लिहिणं चालू होतं. ब्रिटन पेन्सिलीनं लिहायचा, आणि गायकांना तालमीला लागणारी पियानोची प्रत तयार करायची ती इमोजेननं. वर महोत्सवाची व्यवस्था आणि स्वतःची गायकमंडळी. हे बारा वर्षं चाललं. १९६४ मध्ये काम सोडलं, कशासाठी, तर वडिलांच्या संगीताला वेळ देता यावा म्हणून! ‘सावित्री’चं ते ध्वनिमुद्रण त्यानंतरचं. १९७४ मध्ये वडिलांच्या सगळ्या रचनांची सूची छापली. पण आंधळी भक्ती नाही. १९५१ मध्ये त्यांच्या संगीतावर पुस्तक लिहिलं तेव्हा कच्च्या जागा कच्च्या म्हणून दाखवल्या. आईला ते फार पटलं.

तिचं घर चर्च वॉकवर, देवळापासून, म्हणजे गावच्या चर्चपासून, चालत पाचेक मिनिटं. बैठं, विटांचं, सपाट छपराचं. जिथं महोत्सवाचं नाट्यगृह व्हायचं होतं त्या जागेच्या कडेला हे बांधायचं ठरलं होतं. नाट्यगृह बारगळलं, तरी वास्तुविशारद कॅडबरी-ब्राऊन यांनी घर बांधलं आणि तिला बिनभाड्यानं राहू दिलं. शेवटपर्यंत ती तिथंच होती. बाहेरूनच बघायचं आहे, त्यामुळं पाच मिनिटांच्या वर वेळ धरू नका. नाट्यगृह शेवटी गावाबाहेर, किनाऱ्यापासून आत, स्नेपच्या जुन्या माल्ट-गोदामात झालं, १९६७ मध्ये. दोन वर्षांत जळालं आणि वर्षभरात पुन्हा उभं राहिलं. आम्हाला तिथं जमलं नाही. गुडघे चांगले असतील तर ऑल्डबराहून सेलर्स पाथनं चालत जाता येतं, साधारण दहा किलोमीटर. पावसानंतर चिखलाचे बूट हवेतच.

देवळात आधी शिरा. ब्रिटनच्या स्मरणार्थ चित्रकार जॉन पायपरनं योजलेली रंगीत काचेची खिडकी आहे, उजेड असताना बघा. मग मागच्या दफनभूमीत. ब्रिटन आणि त्याचा जोडीदार, गायक पीटर पिअर्स यांचे दोन काळसर दगड शेजारी शेजारी, सगळे तिथं थांबतात आणि फोटो काढून परततात. आणखी चार पावलं टाकायची. इमोजेन मागं आहे. गवत ओलं होतं, आईनं चपला काढल्या. मी म्हटलं, इथं काढत नाहीत गं. "मला माहितीय," म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

ब्रिटन-पिअर्स राहायचे ते रेड हाऊस गावाच्या टोकाला आहे. छान आहे, पण वर्षभर रोज उघडं नसतं. कागदपत्रं बघायची असतील तर आधी लिहून वेळ घ्यावी लागते.

समुद्रावर वाळू नाही, गोटेच गोटे. पायात जाड तळाचे बूट घाला, आणि उन्हाळ्यातही वारा अडवणारं जाकीट घ्या. उत्तरेला चालत गेलं की शिल्पकार मॅगी हॅम्बलिंगचा मोठा पोलादी शिंपला लागतो, त्यात बसता येतं. फिश अँड चिप्स घ्याल तर भिंतीला पाठ लावून खा. माझा अर्धा मासा सीगलनं मागून येऊन नेला.

किनाऱ्यावरचे गोटे घरी न्यायचे नाहीत, हे आईला बसथांब्यावर सांगितलं. ती काही बोलली नाही. मग पर्स उघडून एक चपटा, मधोमध भोक असलेला गोटा माझ्या हातात दिला. बसला वीस मिनिटं होती, मी पळत जाऊन ठेवून आले.